प्रेताला डायलॉग नसतो

२ मार्च, रविवार

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच सॉरी. टायपिंग पण स्लो आहे, एकाच बोटाने चाललंय. हा आईचा जुना लॅपटॉप. पोस्टातून बाद झालेला. ह्याचं एल बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं आणि आमच्याकडे एलशिवाय एका गावाचं नाव पूर्ण होत नाही. सॉरी कोणाला म्हणतोय ते माहीत नाही, कारण ही डायरी मी सोडून कोणी वाचणार नाही. पण म्हटलेलं बरं.

डायरी सुरू करायचं कारण: मी अ‍ॅक्टर व्हायचं ठरवलंय. आज दुपारी ठरवलं. जेवणानंतर.

इथे वेल्समध्ये, आमच्या कूम देर्वास गावात शूटिंग येतंय. कार्डिफची माणसं. डिटेक्टिव्ह मालिका आहे, नाव ‘काळी खाण’. म्हणजे एक उदास पोलीस लांब कोट घालून पावसात उभा राहणार आणि डोंगराकडे बघणार. आपल्या सगळ्याच मालिकांत हे असतं आणि जगभर विकलं जातं. पोलीस आहे एमिर कॅडनन्ट. एमिर मूळचा आमच्या गावचा. हॉलिवूडला गेला, तिथे अंतराळातला व्हिलन झाला, आता कोट घालायला परत आलाय. गावात प्रत्येकाचा त्याच्याशी काहीतरी संबंध आहे. आई पोस्टाच्या काउंटरवर असते, ती सांगते की त्याने हॉलिवूडला पाठवलेल्या पहिल्या पाकिटाला तिकीट मी लावलं. दातांचे डॉक्टर म्हणतात, ते हसू माझं आहे. ट्रेवरमामाच्या मासे-चिप्सच्या दुकानात त्याचा फ्रेम केलेला फोटो आहे, हातात कॉड मासा घेतलेला. फोटोत मामा पण आहे, पण फक्त कोपर.

मी सतरा वर्षांचा. शाळा सोडली, कारण तिथे मोठ्याने वाचायला लावायचे. आता मामाच्या दुकानात मागच्या खोलीत बटाटे सोलतो. बटाटे काही विचारत नाहीत.

प्रॉब्लेम असा की समोर काउंटरवर हेलेद आहे, आणि हेलेद सप्टेंबरात कॉलेजला चाललीय. मामा म्हणाला, एल्गन, मग काउंटरला तूच. मी मान हलवली. मामा म्हणाला, ही हो म्हणून हलवली की नाही म्हणून? मलाच माहीत नव्हतं. काउंटरवर बोलावं लागतं. मीठ घालू का, व्हिनेगर घालू का, पाऊस काय म्हणतोय. शुक्रवारी रांग बसस्टॉपपर्यंत जाते. सगळे तोंडाकडे बघत असतात.

आमच्याकडे माणसाला धंद्यावरून नाव पडतं. आई मेन्ना पोस्ट. मामा ट्रेवर चिप्स. मी एल्गन गप्प. असं नाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत येतं.

म्हणून प्लॅन: सप्टेंबरच्या आत स्टार व्हायचं. मग काउंटरचा प्रश्नच नाही. मग लोक म्हणतील एल्गन अ‍ॅक्टर. सोप्पं आहे.

५ मार्च, बुधवार

झालं! निवड झाली!!

चॅपलच्या हॉलमध्ये कार्डिफची बाई गावातली माणसं निवडत होती. मी अ‍ॅक्टिंगसाठी गेलो नव्हतो. आतून धीर झाला नव्हता. आईने चहाचं मोठं भांडं परत द्यायला पाठवलं होतं. पण दारात रांग होती, आणि रांगेत शिरल्यावर मागे फिरायची लाज वाटली. म्हणून भांडं घेऊन रांगेत राहिलो.

बाई म्हणाली, नाव? मी भांड्याकडे बघितलं. बाई म्हणाली, बोलायचं नाही का तुला? मी मान हलवली. मग ती म्हणाली, बरं, जरा जमिनीवर आडवा हो बघू. झालो. भांडं पोटावर तसंच. बाईने माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग ती शेजारच्या माणसाला म्हणाली, अरे हा हलतच नाही, वा.

खरं म्हणजे लाजेने हलता येत नव्हतं. पण टॅलेंट ते टॅलेंट.

रोल: प्रेत. पहिल्या भागातलं, तळ्याकाठी सापडतं ते. माझ्यावाचून गुन्हा नाही, गुन्ह्यावाचून पोलीस नाही, पोलिसावाचून मालिका नाही. विचार केला तर हिरो मीच आहे.

बाहेर पडताना डिलिस आजी भेटली. चॅपलमधली सगळ्यात म्हातारी. काठी माझ्या छातीला लावून म्हणाली, कोणाचा रे तू? मी म्हटलं, मेन्ना पोस्टचा. ती म्हणाली, मग बरोबर. मी जन्मलो तेव्हापासून ओळखते, तरी दर वेळी विचारते. आमच्याकडचे म्हातारे नाव विचारत नाहीत, कोणाचा ते विचारतात. चालायला लागल्यापासून हे उत्तर देतोय. अख्ख्या भाषेतलं हे एकच वाक्य मला न अडखळता येतं. झोपेत उठवून विचारा.

८ मार्च, शनिवार

अभ्यास सुरू. आंघोळीच्या टबमध्ये मरून पडलो. पाणी थंड होऊ दिलं, कारण तळं थंड असणार. आई दार वाजवून म्हणाली, मेल्या, बाहेर ये. चांगली सुरुवात.

दुपारी दुकानात डोळ्यांचा अभ्यास. बर्फावरच्या कॉडकडे बघत बसलो. कॉडचा अभिनय फार प्रामाणिक आहे. काही दाखवायला जात नाही. मामा म्हणाला, त्याच्याकडे काय बघतोस, लग्न करायचंय का, बटाटे सोल.

संकल्प: रोज एक तास मरायचं. रविवारी दोन.

९ मार्च, रविवार

चॅपलमध्ये प्रवचनाच्या वेळी प्रॅक्टिस केली. झोप लागली. घोरलो म्हणे. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आल्यावर पुष्कळ बोलली.

नोंद: प्रेत घोरत नाही. यावर काम हवं.

१२ मार्च, बुधवार

हेलेदने काल मोठी गोष्ट सांगितली. तिची चुलत बहीण मागे अशाच मालिकेत वेट्रेस होती. प्रत्येक सीन दोनदा करतात. एकदा वेल्शमध्ये, आपल्या लोकांसाठी. मग लगेच तिथेच, त्याच पावसात, इंग्रजीत. ती इंग्रजीतली बाहेर जगात विकतात.

म्हणजे मला दोनदा मरायचंय! दोन भाषांत!

बाकीच्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण मी विचार करणारा अ‍ॅक्टर आहे. वेल्शमध्ये मेलेला माणूस आणि इंग्रजीत मेलेला माणूस एकसारखा कसा दिसेल? वेल्शमधल्याला माहीत असतं की अंत्ययात्रेला अख्खं गाव येणार, चार आवाजांत गाणार, आणि नंतर हॅम सँडविच कमी पडणार. ते तोंडावर दिसायला नको?

रात्रभर नाही, पण बराच वेळ आरशासमोर केलं. आज हेलेदला दुकानाच्या मागे करून दाखवलं, बटाट्याच्या पोत्यांवर. आधी वेल्श, मग इंग्रजी. हेलेद म्हणाली, पहिल्यात तुला उद्या चॅपल आहे असं वाटतं, दुसऱ्यात तुझी बस चुकलीय असं वाटतं. मी खूश. फरक दिसतोय म्हणजे!

हेलेद म्हणाली, एल्गन, तू आत्ता माझ्याशी सलग बोलतोयस, कळतंय का? मी लगेच गप्प झालो. आवाज जपायला हवा.

१५ मार्च, शनिवार

स्टेजचं नाव. आमचं आडनाव पारी, आणि पारी आमच्या गल्लीतच एवढे आहेत की पोस्टमन वैतागतो. म्हणून आपले अ‍ॅक्टर आडनावाच्या जागी गावाचं, ओढ्याचं, डोंगराचं नाव लावतात. एमिरने पण तेच केलं. एमिर कॅडनन्ट, कसं भारदस्त वाटतं. आमच्या घरामागे काय आहे ते बघून आलो. बसडेपो.

एल्गन बसडेपो. नको.

अवॉर्डचं भाषण पण तयार ठेवायचं. छोटं ठेवलंय: ‘आभार.’ आरशात बघून म्हणायला गेलो. आरशातल्याने बघितल्यावर लाजलो. उद्या परत.

१६ मार्च, रविवार

नाही जमलं. अवॉर्ड आलं तर आईला पाठवू.

२० मार्च, गुरुवार

आज शूटिंग झालं. सगळं नीट, क्रमाने लिहितो. पुढे म्युझियमवाल्यांना लागेल.

सकाळी खाणीजवळच्या तळ्याकाठी. पाऊस होता, पण त्यांना तो पुरेना म्हणून वरून पाइपने आणखी पाडत होते. गावातली माणसं कुंपणाला लटकून बघत होती. आई लंच टाइम म्हणून आली होती, सकाळपासून.

पहिली अडचण बूट. माझे पाय मोठे आहेत, त्यांच्याकडचा एकही बूट चढेना. शेवटी मामाला निरोप पाठवून त्याचे हिरवे रबरी बूट मागवले. दोन्ही बुटांवर पांढऱ्या पेंटने टी. सी. लिहिलंय, म्हणजे ट्रेवर चिप्स, कारण एकदा चॅपलच्या दारातून कोणीतरी चुकून घालून गेलं होतं. मामा म्हणाला, आज संध्याकाळी परत हवेत. कॉस्च्युमवाली म्हणाली, हो हो काका.

मग मला खाणीतल्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, ढिगाऱ्यावर झोपवलं. डायरेक्टर रिडियन, दक्षिणेचा आहे, त्यामुळे तो वेल्श बोलला तरी आम्हाला अर्धं कळतं. तो म्हणाला, तू फक्त मेलेला राहा, बाकी एमिर बघेल. मला स्क्रिप्ट दिलं नव्हतं. प्रेताला डायलॉग नसतो, म्हणे.

पहिला टेक, वेल्श. मी मेलो. छान मेलो. चार आवाजांतलं गाणं मनात चालू. पावलं जवळ आली. कोटाचा वास आला, ओल्या मेंढीसारखा. एमिर कॅडनन्ट माझ्याशेजारी उकिडवा बसला. स्क्रिप्टमध्ये ‘ओळख पटली का?’ असं होतं म्हणे. पण तो पडला आमच्या गावचा. अनोळखी पोर बघून आमच्या गावचा माणूस जे म्हणेल तेच तो म्हणाला. अगदी हळू, अगदी मायेने. म्हणाला,

कोणाचा रे तू?

मी म्हटलं, मेन्ना पोस्टचा.

नुसता पाइपचा पाऊस. कोणाच्या तरी हातातून छत्री पडली. रिडियन ओरडला, कट.

पण एमिर उठलाच नाही. म्हणाला, मेन्नाचा? पोस्टातल्या मेन्नाचा? म्हणजे ट्रेवरचा भाचा तू! अरे, तुझे आजोबा मला रविवारच्या शाळेत कान धरून बाहेर काढायचे. मग तो सरळ स्लेटवर बसलाच. आईचा गुडघा कसा आहे, म्हणाला. मी डोळे मिटूनच सांगितलं, बरा आहे, जिने चढताना दुखतो. कुंपणावरून आई ओरडली, आता दोन्ही दुखतात एमिर! लाइटवाला पुढे आला, म्हणाला, पारी म्हणजे बेकरीतले पारी का? माझी मेहुणी त्यातलीच. मग कॅमेरावाली म्हणाली, थांबा, बेकरीतले म्हणजे जळालेल्या बेकरीतले की नव्या?

रिडियन म्हणाला, कृपा करून प्रेताशी बोलू नका. एमिर म्हणाला, अरे, प्रेत आपल्यातलंच आहे.

मग रिडियनने थोडा विचार केला आणि म्हणाला, पण ती ओळ, ‘कोणाचा रे तू’, ती ठेवायचीच. माझ्या अंगावर काटा आला, म्हणाला. या ओळीवर बक्षीस आहे.

दुसरा टेक. मी दात घट्ट आवळले. कोणाचा रे तू? ओठ आपोआप हलले. कट.

तिसऱ्या टेकला ओठ धरले तर मान हलली. आईच्या दिशेने. कट.

पुढच्याला मी काहीच केलं नाही, शपथ, पण कुंपणावरून डिलिस आजी ओरडली, मेन्ना पोस्टचा! कट. रिडियनने टोपी काढून पाण्यात टाकली.

मग म्हणाला, आधी इंग्रजी उरकू. इंग्रजीत ‘कोणाचा रे तू’ हे कोणी विचारत नाही, तिथे एमिर उभा राहून दुसऱ्या पोलिसाला विचारतो, ओळख पटली का? मी स्लेटसारखा पडलो. पापणी नाही. नाकपुडी नाही. बस चुकलेला चेहरा. कॅमेरा अगदी तोंडाशी आला. पहिल्याच टेकला ओके. टाळ्या! रिडियन म्हणाला, इंग्रजीत किती सुंदर मेलास रे, हेच वेल्शमध्ये का नाही जमत?

नंतर वेल्शचा परत एक घेतला. तेव्हा कॅमेरा जरा खाली सरकवला होता, पायांच्या बाजूला. माझ्या पायांचं काम त्याला आवडलं असणार.

जाताना एमिर कॅडनन्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुझ्या आवाजात काहीतरी आहे. मी काही बोललो नाही.

२१ मार्च, शुक्रवार

रात्री नीट विचार केला. मालिकेतली सगळ्यात मोठी ओळ एमिर आणि मी मिळून तिथल्या तिथे तयार केली. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. मी उत्तर दिलं म्हणूनच ती लक्षात राहिली. म्हणजे थोडा लेखक पण मीच.

मामा विचारतोय, बूट कुठेत?

२ एप्रिल, बुधवार

नोकरी सोडली. मामाला सांगितलं. म्हणजे बटाट्याच्या पोत्यावर खडूने लिहिलं, ‘मी पुढे चाललोय’. मामा म्हणाला, पुढे म्हणजे काउंटरला? मी म्हटलं नाही, हॉलिवूडला. हे मी मनात म्हटलं.

४ एप्रिल, शुक्रवार

परत कामावर. फोन येईपर्यंत. मोठमोठे अ‍ॅक्टर सुद्धा मधल्या काळात काहीतरी करतात. शिवाय शुक्रवार होता आणि हेलेद एकटी सोलत होती, तिचं बोट कापलं. तिने ते माझ्या नाकासमोर धरलं. म्हणाली, हॉलिवूडचं रक्त.

११ मे, रविवार

आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त चॅपलच्या दफनभूमीत येते, वरच्या बाजूला, भिंतीजवळ. म्हणून संध्याकाळी तिथे उभा राहतो. लोकांना वाटतं आजोबांची आठवण येते. डिलिस आजीने फुलं आणून दिली.

आज फोन वाजला!!! कार्डिफचा नंबर!

उचलला नाही. फोनवर आधी ‘हॅलो’ म्हणायचं असतं आणि नंतर काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवेपर्यंत बंद झाला.

पण हे उलट चांगलं. सहज मिळणाऱ्या अ‍ॅक्टरची किंमत राहत नाही.

१३ मे, मंगळवार

परत आला. परत नाही उचलला. त्यांची तडफड होत असणार. डेन्मार्कला शूटिंग असेल, तिकडे आपल्या मालिका फार बघतात. कोट लागेल.

१६ मे, शुक्रवार

तिसऱ्यांदा आला तेव्हा हेलेद बरोबर होती. तिने हातातून घेतला आणि सरळ उचलला. खूप वेळ हं, हं करत होती. मग फोन ठेवून म्हणाली, तुझ्या मामाचे बूट सापडलेत, कुठल्या पत्त्यावर पाठवू विचारतायत.

बाकी काही नाही म्हणाले का, मी विचारलं. हेलेद म्हणाली, म्हणाले ना, मोजे पण तुमचेच आहेत का.

म्हणजे अजून आठवण काढतात.

२२ मे, गुरुवार

बूट पोस्टाने आले. आईने स्वतः काउंटरवर घेतले आणि स्वतः घरी आणले. मामाने ते चालून बघितले आणि म्हणाला, आतून कोणीतरी रडलंय. तळ्याचं पाणी होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

टीव्हीवर जाहिरात लागली! ‘काळी खाण’. पाऊस, कोट, डोंगर. मग एमिरचा आवाज: कोणाचा रे तू? अंगावर काटा आला. मग आई स्वयंपाकघरातून ओरडली, माझा!

१४ सप्टेंबरला पहिला भाग. चॅपलच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावणार. अख्खं गाव येणार. हेलेद वीस तारखेला चाललीय. अगदी वेळेवर चाललंय सगळं. चौदाला मी स्टार, पंधराला मामाला सांगायचं की काउंटरला दुसरं कोणी बघ. यावेळी तोंडाने सांगायचं. खडू नाही.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळ

आईने नवी हॅट घेतली. मामाने काउंटरवर बोर्ड लावला, ‘आमचा एल्गन आज टीव्हीवर’. एक गोष्ट डोक्यात आली. माझा क्लोजअप इंग्रजीतला होता. म्हणून आईला सहज म्हटलं की इंग्रजी व्हर्जन बघायचं का सगळ्यांनी? आई म्हणाली, ती हिवाळ्यात येणार, दुसऱ्या चॅनलवर. आणि इंग्रजीत बघायला आपण काय परके आहोत?

बरोबर आहे. वेल्शमध्ये पण असेनच की. प्रेत दाखवल्याशिवाय पोलीस कशाकडे बघणार?

१४ सप्टेंबर, रविवार, नंतर

लिहायचं नव्हतं. लिहितो.

हॉल खच्चून भरला होता. चहा, मनुकांचा ब्रेड, सगळं. मला पुढच्या रांगेत बसवलं, आई आणि मामाच्या मध्ये. हेलेद मागे होती. दिवे घालवले. पाऊस सुरू झाला, पडद्यावर आणि बाहेर पण. डोंगर. कोट. एमिर चालत येतो. सगळे टाळ्या वाजवतात. एमिर उकिडवा बसतो. कॅमेरा हळूहळू सरकतो. आई माझा हात घट्ट धरते.

बूट.

फक्त बूट. हिरवे. टी. सी. पडदाभर.

आणि एमिर त्या बुटांकडे बघून अगदी हळू, अगदी मायेने म्हणाला, कोणाचा रे तू?

आणि अख्ख्या हॉलने एका आवाजात उत्तर दिलं: ट्रेवर चिप्सचा!

पहिल्या रांगेपासून चहाच्या टेबलापर्यंत. पाद्री सुद्धा. कोणाला थांबवताच आलं नाही, विचारलं की तोंडातून निघतंच. मग हशा, मग टाळ्या, मग लोक उठून मामाचा हात हातात घ्यायला लागले. मामा उभा राहिला. डोळे पुसले. म्हणाला, स्टेशनजवळच्या दुकानातून घेतले होते, सेलमध्ये. परत टाळ्या.

आई म्हणाली, आत पाय कोणाचे आहेत ते विचारा! पण तोवर पुढचा सीन लागला होता.

मी तसाच बसलो. हललो नाही. पापणी नाही, नाकपुडी नाही. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं काम होतं, वेल्शमधलं, आणि कॅमेरा नव्हता.

घरी येताना हेलेद बरोबर चालली. मग म्हणाली, घोटे छान होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

मामाला तोंडाने सांगायचं होतं. सांगायला गेलो. तो शिडीवर होता. एमिरच्या फोटोशेजारी भिंतीला बूट ठोकत होता. म्हणाला, हातोडा धर. धरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

हेलेदने फोनवर दाखवलं, कोणी डेन्मार्कवाल्याने लिहिलंय. त्यांच्याकडे दोन्ही व्हर्जन एकदम लागतात. मी म्हटलं वाच वाच, क्लोजअपबद्दल असेल. त्याने लिहिलंय, टी. सी. हेच खुन्याचं नाव असणार. खाली शंभर लोक भांडतायत. चेहऱ्याबद्दल एकच ओळ होती: रबराचं प्रेत फार खरं वाटतं.

हेलेद म्हणाली, बघ, कौतुकच आहे. मला पण तसंच वाटतं. जितका विचार करतो तितकं जास्त वाटतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हेलेद म्हणाली, मी असेपर्यंत एकदा करून बघ. आणि मागे जाऊन बटाटे सोलायला बसली. दार लावून घेतलं. रांग बसस्टॉपपर्यंत.

एप्रन बांधला. रांगेत पहिली डिलिस आजी. काठी काचेला लावली. म्हणाली, कोणाचा रे तू?

मेन्ना पोस्टचा, मी म्हटलं.

मग एक छोटा कॉड दे, आजी म्हणाली. आणि मीठ घालू का ते विचार मला, हेलेद विचारते.

मीठ घालू का, मी म्हटलं. ती म्हणाली, नको, डॉक्टरने बंद केलंय. तोपर्यंत घातलं होतं. दोनदा. ती म्हणाली, जाऊ दे, डॉक्टर कोण लागून गेलाय.

तिच्या मागे सायकलवाले टूरिस्ट होते. भिंतीकडे बघून म्हणाले, ते बूट कोणाचे? मी सांगितलं. तळं, पाऊस, पाइप, एमिर, सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. मागची रांग ओरडायला लागली, अरे एल्गन बूट, आटप की, मासे गार पडले! मी म्हटलं, थांबा जरा, क्लोजअपचं सांगायचं राहिलंय.

बंद करताना मामा म्हणाला, उद्यापण तूच. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते यावेळी त्याने विचारलं नाही.

म्हणजे आता मी एल्गन बूट. विचार केला तर रोज संध्याकाळी माझा शो आहे, आणि डायलॉग पण आहे. हेलेद उद्या सकाळच्या बसने जाणार. तिला ‘आभार’ म्हणायचं ठरवलंय. आत्ता आरशात प्रॅक्टिस करत होतो, अर्धं जमलं.

आत्ताच खिडकीतून दिसलं, बसस्टॉपच्या छपरावर एक मेंढा उभा आहे. कोणाचा आहे कळत नाही. खाली आई आणि निम्मं गाव जमलंय आणि मामा त्याला चिप्स दाखवतोय.